टाक्या तेवढ्याच, वाघिणी बाराच्या चव्वेचाळीस

महाराष्ट्रात जमिनीच्या भानगडीत पडलेल्या प्रत्येकाला झोन दाखला माहीत असतो. गट नंबर द्यायचा, फी भरायची, आठवडाभर खेपा घालायच्या. मग नगररचना कार्यालय एक कागद हातात ठेवतं की सदर जमीन मंजूर विकास योजनेनुसार अमुक विभागात समाविष्ट आहे. पिवळा, जांभळा किंवा हिरवा. कागद साधा असतो, त्यावर कुणी भांडत बसत नाही. भांडण असलंच तर ते आधी, योजनेचा नकाशा ठरताना होऊन गेलेलं असतं.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात मात्र अशाच एका दाखल्यावरून २०२१ पासून भांडण पेटलं. जागा जुन्या तेल टर्मिनलची, झोन जड उद्योगाचा, आणि धंदा तेल उतरवून घेऊन जहाजात भरण्याचा. शहराने एकदा दाखला नाकारला, वर्षभराने दिला, आणि पुढे आणखी एकदा दिला. नियम मोजत होता एक गोष्ट आणि जागेवर वाढत होती दुसरीच, म्हणून नगररचनेतल्या माणसाने हे प्रकरण जवळून पाहावं असं मला वाटतं.

नदीकाठचा दहा किलोमीटरचा पट्टा

पोर्टलंडच्या वायव्येला विलामेट नदीच्या पश्चिम काठाने महामार्ग ३० जातो. एका हाताला फॉरेस्ट पार्कची दाट झाडी डोंगरावर चढलेली, दुसऱ्या हाताला रेल्वेचे रूळ आणि पांढऱ्या टाक्यांची रांग. हा सुमारे दहा किलोमीटरचा पट्टा. ऑरेगनमध्ये एकही तेलशुद्धीकरण कारखाना नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या रिफायनऱ्यांतून ऑलिंपिक पाइपलाइनने, शिवाय जहाजाने आणि रेल्वेने इंधन येतं आणि इथे साठतं. राज्यात लागणाऱ्या द्रव इंधनापैकी ९० टक्क्यांहून जास्त इथूनच जातं. पोर्टलंडच्या विमानतळाचं विमान-इंधनही इथलंच. हा पट्टा बंद करा म्हणणं सोपं आहे. पण तो बंद पडला तर आठवड्याभरात राज्यातल्या पंपांवर रांगा लागतील.

आता जमिनीचं. बरीचशी जागा नदीत भराव घालून केलेली, म्हणजे खाली वाळू आणि गाळ. ऑरेगनच्या किनाऱ्यालगत समुद्राखाली कॅस्केडिया नावाची भूपट्टांची सीमा आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा. ही तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याची त्सुनामी जपानच्या किनाऱ्यावर पोचली आणि तिथल्या कारकुनांनी ती वहीत टिपून ठेवली. येत्या ५० वर्षांत या सीमेवर मोठा भूकंप होण्याची शक्यता राज्याचं आपत्ती खातं सुमारे ३७ टक्के सांगतं. हादरा बसला की पाणी धरलेली भरावाची वाळू काही मिनिटं पातळ पिठासारखी वागते. टाकी कलते, नळाचा जोड निखळतो. या पट्ट्यातल्या बहुसंख्य टाक्या तर या भूकंपाचा धोका बांधकाम नियमांत उतरण्याच्या आधीच्या.

२०२२ मध्ये शहर आणि मल्टनोमा काउंटीने करवून घेतलेल्या अभ्यासात अंदाज मांडला गेला की महाभूकंपात या पट्ट्यातून ९.४६ कोटी ते १९.३७ कोटी गॅलन इंधन सांडू शकतं. आपल्या मापात साधारण ३६ ते ७३ कोटी लिटर. त्यातलं बरंचसं थेट नदीत, आणि ती पुढे कोलंबिया नदीला मिळते.

या पट्ट्यात नॉर्थवेस्ट फ्रंट अव्हेन्यूवर सुमारे ३९ एकरांची एक जागा आहे. कधीकाळी हा डांबराचा कारखाना होता. २०१४ च्या सुमारास आर्क लॉजिस्टिक्स या कंपनीने तिथे रेल्वेने कच्चं तेल आणायला सुरुवात केली. २०१७ च्या शेवटी झेनिथ एनर्जीने आर्क विकत घेतली आणि टर्मिनलही तिच्याकडे आलं. साठवण क्षमता साधारण १५ लाख बॅरल, म्हणजे जवळपास २४ कोटी लिटर. उत्तर डाकोटातलं आणि कॅनडाच्या अल्बर्टातलं तेल रेल्वेच्या वाघिणींतून यायचं, टाकीत उतरायचं आणि जहाजाने पुढे जायचं. पोर्टलंडच्या गाड्यांत त्यातला थेंबही जात नव्हता, ते फक्त शहरातून जात होतं.

हा फरक ध्यानात ठेवा. पट्ट्यातली बाकीची बरीच टर्मिनल शहराला इंधन पुरवतात; हे टर्मिनल शहराचा फलाटासारखा वापर करतं. झोनच्या नकाशावर मात्र दोघांचा रंग एकच.

२०१६ चा नियम

कथेला खरी सुरुवात दुसऱ्याच एका प्रकल्पामुळे झाली. २०१४ मध्ये पेंबिना या कॅनडातल्या कंपनीने पोर्टलंड बंदरात प्रोपेन निर्यातीचं टर्मिनल प्रस्तावित केलं. गुंतवणूक ५० कोटी डॉलरची. महापौर चार्ली हेल्स आधी बाजूने होते. अडचण एवढीच होती की जहाजाकडे जाणारी नळवाहिनी पर्यावरण संरक्षण विभागातल्या पट्टीवरून जात होती आणि तिथे तसली वाहिनी चालत नव्हती. म्हणजे झोनच्या नियमात फेरबदल हवा. आपल्याकडे असं काही निघालं की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते, महिनाभर हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि बहुतेक वेळा त्या सूचनेची बातमी कुणाला कळतही नाही. पोर्टलंडला ती कळली. सुनावण्यांना माणसं लोटली. मे २०१५ मध्ये हेल्स यांनी पाठिंबा काढून घेतला आणि प्रकल्प बसला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगर परिषदेने ठराव केला की शहरातून जीवाश्म इंधनाची वाहतूक किंवा साठवण करणाऱ्या नव्या सोयींना आमचा विरोध राहील. ठराव म्हणजे इच्छा. तिचा नियम करायला आणखी वर्ष गेलं. दरम्यान ३ जून २०१६ रोजी कोलंबिया नदीकाठच्या मोझियर गावाजवळ तेलाच्या रेल्वेगाडीच्या १६ वाघिणी रुळावरून उतरल्या, आग लागली, जवळची शाळा रिकामी करावी लागली. साधारण ४२ हजार गॅलन, म्हणजे दीड लाख लिटरहून जास्त तेल सांडलं. पोर्टलंडच्या परिषदेत पुढे जी मतं पडली त्यांच्यामागे मोझियरचा धूर होता, असं माझं मत.

डिसेंबर २०१६ मध्ये परिषदेने एकमताने झोन नियमात दुरुस्ती केली. 'जीवाश्म इंधनाचं घाऊक टर्मिनल' असा एक नवा वापर व्याख्येत आला: जहाज, रेल्वे किंवा मोठ्या नळवाहिनीची सोय, आणि जोडीला २० लाख गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ७५ लाख लिटरपेक्षा जास्त साठवण क्षमता किंवा रेल्वेतून जहाजात अशी माल फिरवण्याची व्यवस्था. अशी नवी टर्मिनल बंद. जुनी राहतील, पण त्यांना साठवण क्षमता वाढवता येणार नाही.

नियमातला मोजमापाचा शब्द आहे 'साठवण क्षमता'. टाकीत किती मावतं ते. टाकीतून वर्षाला किती जातं याबद्दल नियम गप्प.

हे अज्ञानातून झालं असं मी म्हणणार नाही. क्षमता मोजायला सोपी. टाकीचा व्यास, उंची, नकाशा, झालं. आपल्याकडेही पेट्रोलियम साठ्याचा परवाना पेसो या नागपूरच्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेकडून येतो आणि त्यावर आकडा असतो तो किलोलिटरचाच, उलाढालीचा नव्हे. बांधकाम खात्याला दिसतं ते बांधकाम. तेल किती वाहिलं ते कंपनीच्या वहीत. दुसरं कारण कायद्याचं. अमेरिकेत आंतरराज्य रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते. किती वाघिणी आणाव्यात, काय भरून आणावं, यावर शहराने बंधन घातलं तर ते न्यायालयात टिकणं अवघड. शहराच्या हाती उरते ती जमीन. म्हणून नियम जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडाचा झाला.

व्याख्येत आणखी एक खिडकी होती. डांबर, वंगण, प्लास्टिकचा कच्चा माल असे इंधनाबाहेरचे उपयोग वगळले होते. जैव-डिझेल आणि नवीकरणीय डिझेल (दोन्ही वनस्पती तेल, चरबी अशांपासून केलेली) हीही वगळली, त्यातला जीवाश्म अंश ५ टक्क्यांच्या आत असला तर. तेव्हा ही सूट अगदी रास्त वाटली. पुढे तीच दार ठरली.

चव्वेचाळीस

२०१९ च्या सुरुवातीला शहरातल्या लोकांच्या लक्षात आलं की झेनिथच्या आवारात काम चालू आहे. रूळ टाकले जात होते, वाघिणी रिकाम्या करायचे नवे फलाट उभे राहत होते. पूर्वी एका वेळी १२ वाघिणी उतरवता यायच्या, आता ४४. एका वाघिणीत साधारण लाखभर लिटर धरा, म्हणजे एका खेपेला १२ लाखांच्या जागी ४४ लाख लिटर. टाकी एकही वाढली नाही.

लोक विचारू लागले, २०१६ चा नियम कुठे गेला? नियम जिथल्या तिथे होता. पण या कामाची बांधकाम परवानगी आर्कच्या काळात, नियमाच्या आधीच निघालेली. परवानगी जिवंत ठेवलेली, काम सावकाश. आपल्याकडच्या बिल्डरलाही हे तंत्र चांगलंच ठाऊक आहे: नवी नियमावली येणार असं कानावर आलं की जुन्या नियमाखालचा प्लॅन मंजूर करून घ्यायचा, जोत्यापर्यंत बांधून ठेवायचं आणि मग निवांत राहायचं. मिळालेल्या परवानगीवर हक्क बसतो हे दोन्हीकडे सारखंच.

शिवाय परवानगी बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर २०१४ मध्ये काय आलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. जड उद्योग विभागातल्या, आधीपासून रेल्वे जोडलेल्या टर्मिनलमध्ये फलाटाचं विस्तारीकरण. जमिनीचा वापर बदलत नाही, टाकी नाही, उंची नाही. मोजण्यासारखं काही नसल्यावर मोजणार काय? त्या टेबलावर मी असतो तरी बहुधा सही केली असती. फाइल नियमात होती.

भिवंडीच्या गोदामांचा विचार केला की हे लगेच उमगतं. गोदामाचं क्षेत्रफळ कागदावर तेवढंच राहतं. पूर्वी तिथे महिनोन्महिने कापडाच्या गाठी पडून असायच्या. आता तिथेच ऑनलाइन विक्रीचा माल रात्रीत येतो आणि सकाळी जातो. चौरस फूट बदलत नाहीत, रस्त्यावरचे टेम्पो मात्र दहापट होतात, आणि ग्रामपंचायतीला त्यातलं काहीच विचारलेलं नसतं.

न्यायालयाच्या खेपा

दरम्यान २०१६ चा नियम स्वतःच कोर्टात अडकला होता. ऑरेगनमध्ये भूवापराच्या वादांसाठी १९७९ पासून लूबा नावाचं स्वतंत्र न्यायपीठ आहे. कागदपत्रं पोचल्यापासून ७७ दिवसांत निकाल द्यायचा, असं कायदाच सांगतो. (नगरविकास खात्यात अपील करून वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.) नियमाविरुद्ध गेले तेल कंपन्यांची संघटना, शहरातली व्यापारी संघटना आणि बांधकाम कामगारांच्या संघटनांची परिषद. कामगार संघटना तिकडे होत्या, कारण टाकी बांधणारा वेल्डर त्यांचाच सभासद. पर्यावरणवादी विरुद्ध भांडवलदार अशी सुटसुटीत मांडणी इथे चालत नाही.

जुलै २०१७ मध्ये लूबाने नियम रद्द केला. आंतरराज्य व्यापारात शहर भेदभाव करतं हे एक मुख्य कारण. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो मुद्दा फिरवला: व्यापाराचा भेदभाव नाही. पण नियमामागची तथ्यं पुरेशी मांडलेली नाहीत, ती नीट मांडा, म्हणून काही भाग परत पाठवला. शहराने डिसेंबर २०१९ मध्ये नियम पुन्हा मंजूर केला, तो पुन्हा आव्हानात गेला, २०२० मध्ये लूबाकडून पुन्हा परत आला, आणि २०२२ मध्ये परिषदेने आणखी एकदा मंजूर केला. एकाच नियमाला तीनदा हात वर करावे लागले. या सहा वर्षांत रूळ टाकून झाले, हे वेगळं सांगायला नको.

एका फॉर्मवर आलेला वाद

आता तो दाखला. ऑरेगनमध्ये १९७३ पासून राज्यव्यापी भूवापर कायदा आहे. त्याचं एक तत्त्व असं की राज्याच्या कुठल्याही खात्याने परवाना देताना स्थानिक विकास योजनेशी विसंगत वागू नये. म्हणून राज्याचं पर्यावरण गुणवत्ता खातं हवेचा परवाना देण्याआधी शहराकडून लेखी घेतं की हा वापर तुमच्या योजनेत बसतो. फॉर्मचे दोन भाग: पहिला अर्जदाराने भरायचा, दुसरा शहराच्या नियोजन अधिकाऱ्याने. बसतो किंवा बसत नाही, त्याची खूण, आणि कारणांसाठी थोडी जागा. आपला झोन दाखलाच तो, फक्त त्याला प्रदूषण मंडळाच्या संमतीची साखळी बांधलेली. जनसुनावणी नाही, परिषदेत मतदान नाही, अधिकाऱ्याची सही पुरते.

झेनिथचा हवेचा परवाना नूतनीकरणाला आला. तेलाच्या टाकीतून, वाघिणीतून, जहाजात भरताना वाफा निघतात, त्यासाठी हा परवाना. खात्याने पाहिलं की जुना दाखला दिला गेला तेव्हाचं कामकाज आणि आताचं कामकाज यांत फार अंतर पडलंय. नवा दाखला आणा, असं सांगितलं.

इथे पहिल्यांदाच कुणीतरी टाकीऐवजी कामकाजाकडे बघितलं. आणि ते बघितलं झोनच्या खात्याने नव्हे, हवेच्या खात्याने. वाफ उलाढालीबरोबर वाढते. टाकी रिकामी पडून असेल तर तिच्यातून फारसं काही निघत नाही, रोज भरली-उपसली तर निघत राहतं. म्हणून हवेच्या परवान्याला उलाढाल विचारावीच लागते. मुंबईत माहुल-आंबापाड्याचा वादही असाच वाफांवर लढला गेला. तिथेही टाक्यांचा झोन औद्योगिकच होता. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने रहिवाशांच्या आरोग्याला धोका मान्य केला तो हवेतल्या रसायनांच्या आधारे.

२७ ऑगस्ट २०२१ रोजी पोर्टलंडने दाखला नाकारला. कारण दिलं ते झोनच्या तक्त्यातलं नव्हतं. शहराच्या २०३५ च्या सर्वंकष योजनेतली हवामान, पर्यावरण आणि सामाजिक न्यायाची धोरणं पुढे केली. योजनेच्या पुस्तकातली ही प्रकरणं सगळेच लिहितात आणि कुणीच वाचत नाही. आपल्याकडे विकास योजनेच्या अहवालातली 'शाश्वत विकास' ही दोन पानं बांधकाम परवानगी नाकारायला कुणी वापरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पोर्टलंडने ती वापरली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लूबाने शहराचा नकार कायम ठेवला. राज्याच्या खात्यानेही हवेचा परवाना नाकारण्याचा मनोदय जाहीर केला होता. झेनिथ अपिलात गेली. अपील चालू असेपर्यंत जुन्या परवान्यावर काम चालू.

होकार

आणि मग ३ ऑक्टोबर २०२२ रोजी शहराने दाखला दिला.

नव्या अर्जासह दिला, अटी घालून दिला. पाच वर्षांत, म्हणजे ऑक्टोबर २०२७ पर्यंत, कच्चं तेल पूर्ण बंद करायचं आणि नवीकरणीय इंधनाकडे वळायचं. वाफांचं उत्सर्जन ८० टक्के कमी करायचं. शहराची बाजू अशी की नकार देऊन काय मिळालं? कंपनी कोर्टात, तेल चालूच. अटींचा होकार दिला तर निदान एक तारीख हाती येते. विरोधकांची बाजू अशी की कोर्टात जिंकत असताना तुम्ही तडजोड केलीत, आणि तीही बंद दाराआड. कोलंबिया रिव्हरकीपरसारख्या संघटना आणि नदीकाठच्या वस्त्यांतले लोक चिडले ते यावर जास्त. तेलाचा मुद्दा जुना होता. आपल्याला विचारलंच नाही हा घाव ताजा होता.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्यामुळे हा निर्णय अधिकच खटकतो. शहराने फॉर्मला कराराचं रूप दिलं. खरं तर अटी घालायची जागा म्हणजे सुनावणी होऊन दिलेली परवानगी. तिथे नोटीस निघते, लोक बोलतात, अट का घातली हे लिहावं लागतं. दाखल्यात अट घातली की ती दोन पक्षांत राहते. त्यावेळी पोर्टलंडचा कारभारही असा होता की निवडून आलेले सदस्य एकेका खात्याचे प्रमुख असायचे. परवानगी खातंही एका नगरसेवकाच्या हाताखाली. ही पद्धत जानेवारी २०२५ पासून बदलली, १२ जणांची नवी परिषद आली.

दुसरी गोष्ट त्या खिडकीची. नवीकरणीय डिझेल २०१६ च्या व्याख्येतून वगळलेलं. म्हणजे ते जीवाश्म इंधन नाही, म्हणजे त्याला साठवण बंदी नाही. हवामानाच्या हिशेबात हे ठीकच. धुराचा हिशेब सुधारतो. पण आधी सांगितलेली भरावाची वाळू आठवा. टाकी कलली तर आत काय होतं हे वाळू विचारत नाही, आणि नवीकरणीय डिझेलही जळतं, नदीवर पसरतं. नियमाला दोन कामं एकाच शब्दात करायची होती: कार्बन रोखायचा आणि भूकंपातली गळती रोखायची. शब्द निवडला तो कार्बनचा. त्यामुळे इंधन बदललं की नियम समाधानी.

२०२४ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. शेजारच्या टर्मिनलचा धक्का झेनिथ वापरत होती आणि त्याची आवश्यक मंजुरी घेतलेली नव्हती. राज्याच्या पर्यावरण खात्याने ३ लाख ७२ हजार ६०० डॉलरचा दंड ठोकला आणि दाखला पुन्हा घ्यायला लावला. पुन्हा तेच: टाकी वाढलेली नाही, वाढला तो धक्का. रूळ असो की धक्का, ही टर्मिनलची दोन तोंडं. मधल्या पोटाचं माप घेऊन भूक कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहराने पुन्हा दाखला दिला. अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, नियमात बसतं, नाकारायला आधार नाही. मार्चमध्ये नव्या परिषदेने या सगळ्या व्यवहाराची चौकशी करायचा ठराव केला.

काय करता आलं असतं

मागे वळून शहाणपण सांगणं फुकट असतं, तरी सांगतो. २०१६ च्या नियमात जुन्या टर्मिनलांवर घातलेल्या मर्यादेत साठवण क्षमतेच्या जोडीला 'माल चढवण्या-उतरवण्याची सोय' एवढे शब्द असते, तर फलाट आणि धक्का दोन्ही त्यात आले असते. वाघिणींच्या संख्येला हात लावता येत नसेल, पण फलाट हे जमिनीवरचं बांधकाम आहे, ते शहराच्याच हातात होतं. जुन्या परवानग्यांचा प्रश्न तरीही उरला असता. त्यावर उपाय एकच: नियमाचा मसुदा जाहीर करायच्या आधी प्रलंबित आणि न वापरलेल्या परवानग्यांची यादी काढून बसायचं. कंटाळवाणं काम आहे, कुणी भाषणात सांगत नाही. पण ती यादी २०१६ मध्ये परिषदेच्या टेबलावर असती तर २०१९ मध्ये कुणी चकित झालं नसतं.

भूकंपाचं काम शेवटी दुसऱ्याच कायद्याने हाती घेतलं. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने मोठ्या इंधन टर्मिनलांना भूकंपात काय टिकेल आणि काय पडेल याचं मूल्यमापन करून पर्यावरण खात्याला द्यायला सांगितलं. मुदत जून २०२४ ची होती. पुढची पायरी धोका कमी करण्याच्या आराखड्याची. त्यात टाकीत काय आहे याहून टाकी कशावर उभी आहे याला महत्त्व. झोनच्या नियमाकडून हे कधीच झालं नसतं.

नगररचनेचं शिक्षण घेणारी मुलं हे प्रकरण वाचतात तेव्हा बहुतेक जण थेट २०२१ च्या नकारावर जातात, कारण तिथे धोरण आहे, न्यायालय आहे, वाद रंगतदार आहे. माझ्या हाती ही फाइल आली तर टाक्यांचा तक्ता आणि निकालपत्रं बाजूला ठेवून मी आधी २०१४ च्या परवानगीला जोडलेला रुळांचा नकाशा उघडेन आणि त्यावरच्या वाघिणी मोजेन.